स्विचओव्हरला टॉगल? डोकं ठिकाणावर आहे का?

रात्री कुठल्याशा रस्त्याच्या खोदकामात प्रायमरी फायबर तुटली. ती तुटणारच. रस्ते खणले जाणार, फायबर तुटणार, यात रागवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. त्यासाठीच तर नवी मुंबईतल्या महापेच्या रॅकमध्ये एक-यूचा (रॅकच्या एका खणाएवढा) ए-बी स्विच बसवलाय, ए लाइन पडली की बी लाइनवर नेणारा. आठ चॅनल, आत लॅचिंग रिले (वीज गेली तरी जागा न सोडणारे), मागे एसएनएमपी कार्ड, म्हणजे पेटीला नेटवर्कवरून विचारायची आणि हलवायची सोय. पुण्यातून एक सेट (बदल करायचा हुकूम) मारायचा, आठही चॅनल ए वरून बी वर, सेकंडरी लिंक चालू. सेट मारला. उत्तर आलं नो-एरर. लिंक डाऊन. पुन्हा मारला, पुन्हा नो-एरर, पुन्हा लिंक डाऊन. पोझिशन वाचली तर ए! म्हणजे पेटी सांगते हुकूम पाळला, आणि आहे तिथंच बसलीय ढिम्म.

टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावल्यावर कळलं घोडं कुठं पेंड खातंय. शून्य सेकंदाला सेट-रिक्वेस्ट. बरोबर एका सेकंदाने तीच सेट-रिक्वेस्ट पुन्हा, रिक्वेस्ट-आयडीसुद्धा तोच. १.८ सेकंदाला पहिलं उत्तर, ३.६ ला दुसरं. सेट मारणाऱ्या नेट-एसएनएमपी या सॉफ्टवेअरचा डीफॉल्ट टाइमआउट १ सेकंद आणि रिट्राय ५, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि हे कार्ड आठही रिले एकेक करून हलवतं, सगळे हलले की मगच उत्तर पाठवतं. तोवर मॅनेजरने, म्हणजे हुकूम पाठवणाऱ्या बाजूने, पॅकेट हरवलं असं धरून दुसरं पाठवलेलं असतं. बरं, पाठवू दे. पण सेट ज्या ओआयडीवर, म्हणजे कार्डातल्या ज्या क्रमांकाच्या नोंदीवर मारतो, तिथं १ लिहिलं की त्याचा अर्थ काय? 'बी वर जा' असा नाही. टॉगल, म्हणजे 'आहेस तिथून उलटा हो'! पहिल्या पॅकेटने बी, दुसऱ्याने परत ए. दोन्ही वेळा नो-एरर, आणि दोन्ही उत्तरं खरी. तळपायाची आग मस्तकात जाते ती इथं.

यूडीपीवर, म्हणजे पॅकेट पोचण्याची हमी नसलेल्या वाटेवर चालणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये टॉगल ठेवायचं सुचतं तरी कसं? पॅकेट हरवणार, रिट्राय होणार, एकच हुकूम दोनदा पोचणार, हे एसएनएमपीच्या १९८८ सालच्या पहिल्या आरएफसीपासून (नियमपत्रापासून) उघड आहे. इफ-अ‍ॅडमिन-स्टेटस बघा की! पोर्ट चालू-बंद करायची नोंद: १ म्हणजे अप, २ म्हणजे डाऊन. शंभर वेळा २ लिहा, पोर्ट डाऊनच राहतो. हा धडा प्रत्येक स्विचमध्ये, प्रत्येक राउटरमध्ये समोर असताना, कार्डवाल्यांनो, तुमच्या मिबमध्ये (कार्डातल्या नोंदींच्या यादीत) 'पोझिशन: ए = १, बी = २' एवढं लिहायला काय धाड भरली होती? आणि टॉगलचाच हट्ट असेल, तर दुहेरी सेट अडवायची सोयसुद्धा आयती आहे. एसएनएमपीव्ही२-मिबमधलं सेट-सीरियल-नंबर. आधी आकडा वाचायचा, मग सेटच्या त्याच पीडीयूत (निरोपात) तोच आकडा लिहायचा. पहिल्या पॅकेटने आकडा पुढे सरकतो, दुसरं पॅकेट इनकन्सिस्टंट-व्हॅल्यू (आकडा जुळत नाही) हा एरर खाऊन परत येतं आणि रिले जागचा हलत नाही. या कार्डात ते आहे का? गेट (वाचायचा हुकूम) मारला तर नो-सच-ऑब्जेक्ट, म्हणजे अशी नोंदच नाही. आणि ब्रोशरवर काय छापलंय, तर 'संपूर्ण एसएनएमपी सपोर्ट'.

सपोर्टचं उत्तर आलं एका ओळीचं: टाइमआउट वाढवा. अरे, वाढवला! '-टी ५ -आर ०' लावलं की दुसरं पॅकेट जात नाही, चालतं. पण ते कमांड लाइनवर. मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमआउट बहुतेक वेळा अख्ख्या ग्रुपला एकच असतो. तिथं रिट्राय शून्य केले की एक पॅकेट इकडंतिकडं झालं तरी धडधाकट उपकरणं लाल दिसायला लागतात. या पेटीपुरतं वेगळं प्रोफाइल करा, सेट मारणारी स्क्रिप्ट वेगळी ठेवा, हे सगळं आम्ही करायचं. आणि रिट्राय शून्य असताना उत्तरच आलं नाही तर? सेट वाटेत मेला, की पोचला आणि उत्तर वाटेत मेलं? साधी पोझिशन लिहायची असती तर डोळे मिटून पुन्हा मारला असता. टॉगल असल्यामुळे पुन्हा मारायचीही चोरी. आधी गेट मारून पोझिशन वाचायची आणि मग हात लावायचा, तेही लिंक मेलेली आणि फोन वाजत असताना.

आणि ती पोझिशन तरी खरी असते का? नसते! पुढच्या पॅनलवर लोकल-रिमोटची चावी असते. रॅकपाशी काम करून गेलेल्या माणसाने ती लोकलवर ठेवली की रिमोटचा सेट चालता कामा नये, हे बरोबरच आहे. मग तसं सांगा ना! एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत, व्ही२ मध्ये, एररचे किती प्रकार दिलेत: इनकन्सिस्टंट-व्हॅल्यू आहे, कमिट-फेल्ड आहे, काहीच नाही तर जेन-एरर आहे. हे कार्ड सेट घेतं, नो-एरर म्हणतं, मेमरीत बी लिहून ठेवतं. रिले ए वरच. नंतर गेट मारला की मेमरीतला बी वाचून दाखवतं. रिलेच्या कॉन्टॅक्टवरून परत येणारी एक सेन्स लाइन बोर्डावर द्यायला हवी होती, ती दिलेलीच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून या पेटीला विचारायचंच नाही. पलीकडच्या राउटरला विचारायचं: त्या पोर्टचं इफ-ऑपर-स्टेटस (प्रत्यक्ष चालू आहे का) काय आणि इफ-लास्ट-चेंज (शेवटचा बदल) कधीचं. रिले खरंच हलला असेल तर लिंक क्षणभर पडून उठते आणि इफ-लास्ट-चेंज ताजं होतं. सेटनंतर ते जुनंच राहिलं तर रिले हललाच नाही, कार्ड काहीही बरळो. दोनदा हलून जागेवर आला असेल तर सेटनंतर राउटरच्या लॉगमध्ये लिंक-डाऊन, लिंक-अपची जोडी दोनदा दिसते.

ट्रॅपचं, म्हणजे कार्डाने स्वतःहून पाठवायच्या खबरेचं, तर बोलायलाच नको. रिले हलल्या क्षणी कार्ड ट्रॅप सोडतं. एकदाच. नेमकं त्याच क्षणी लिंक पडून उठत असते, आणि समोरच्या स्विचवर जुना स्पॅनिंग ट्री (पॅकेटं गोल फिरत राहू नयेत म्हणून असलेली सोय) असेल तर पोर्ट १५ अधिक १५ सेकंद काही पुढं जाऊच देत नाही. ट्रॅप तिथंच गडप. त्या पोर्टवर ही वाट बघणं टाळणारा पोर्टफास्ट लावता येतो, पण खरा इलाज इन्फॉर्म. पोच मिळाली नाही तर तो पुन्हा पाठवला जातो, व्ही२ पासून उपलब्ध आहे. कार्डाच्या मेनूत इन्फॉर्मचं नाव नाही. ट्रॅपचा पत्ताही एकच भरता येतो, म्हणजे दोन मॅनेजर असले तर एकाने दुसऱ्याकडून उसना घ्यायचा.

मिब फाइल? ऑब्जेक्टच्या नावांत अंडरस्कोअर, जो नियमात बसतच नाही, त्यामुळे फाइल वाचणारा पार्सर पहिल्याच ओळीला अडतो. शोभेसाठी हायफनच्या लांब रेघा ओढल्यात, मिब ज्या भाषेत लिहितात त्या एएसएन.१ मध्ये दोन हायफन म्हणजे कॉमेंट सुरू आणि पुढचे दोन म्हणजे कॉमेंट बंद, हे त्या रेघा ओढणाऱ्याच्या गावीही नाही. मॅन्युअलमधल्या ओआयडीला शेवटचा .० नाही, तसाच कॉपी केला की नो-सच-इन्स्टन्स. शेवटी १.३.६.१.४.१ पासून पुढं वॉक मारा (सगळ्या नोंदी ओळीने वाचा) आणि आकड्यांवरून अंदाज बांधा. कुलूपबंद व्ही३ चालू करावं तर सेट फक्त कुलूप नसलेल्या व्ही२सीवर चालतो, आणि राइट कम्युनिटी (लिहायचा परवलीचा शब्द) फॅक्टरीतून 'प्रायव्हेट'. म्हणजे वाचायला कुलूप आणि स्विच फिरवायला दार सताड उघडं! वर कार्ड बदललं की इंजिन-आयडी (कार्डाची व्ही३ मधली ओळख) बदलतो, आणि ट्रॅप घेणाऱ्या बाजूला युजर जुन्या इंजिन-आयडीशी बांधलेला असल्यामुळे नव्या कार्डाचे व्ही३ ट्रॅप गुपचूप फेकले जातात. कुठं लाल दिवा नाही, साधा मेल नाही.

आणि जे अशा कार्डाचा मॅनेजमेंट पोर्ट त्याच प्रायमरी लिंकमागे जोडायचा नकाशा मंजूर करतात, त्यांना साष्टांग दंडवत घालायचीही इच्छा उरलेली नाही. लिंक पडली की पेटी गायब, आणि पेटी हवी असते ती लिंक पडल्यावरच. महिन्याला चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण मॅनेजमेंटला वेगळा मोबाइल राउटर हवा म्हणजे हवाच, आणि दर आठवड्याला त्या वाटेने निदान एक गेट मारून उत्तर येतंय का ते बघायला हवं.

पुढची पेटी घेताना व्हेंडरच्या माणसासमोर टेबलावरच लावायची. एकच सेट एका सेकंदाच्या अंतराने दोनदा मारायचा. रिले परत फिरला तर पेटी परत. चावी लोकलवर ठेवून सेट मारायचा. नो-एरर आला तर पेटी परत. मिब कोऱ्या मशीनवर लोड करायची; एकही पार्स एरर आला तर पेटी परत. मग वीज काढायची, दहा मिनिटांनी लावायची, आणि रिलेची पोझिशन कार्डाला न विचारता प्रत्येक चॅनलवर केबल टेस्टर लावून बघायची.