वळवात झाड पडलं की दोष फक्त वाऱ्याचा? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका, तुम्ही एवढं मनापासून लिहिलंय म्हणून उत्तर पण जरा मोठंच देतोय. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की रस्त्याकडेचं सरकारी झाड पडून कुणाची गाडी, घरावरचे पत्रे, कंपाउंड मोडलं तर त्याची भरपाई मागता येते. त्यावर काका म्हणतात की वळवाचं वारं सुटलं की झाडं पडणारच, त्यात कुणाचा दोष काढायचा, भरपाई दिली तरी ती आपल्याच घरपट्टीतनं जाणार, ज्याला भीती वाटते त्यानं इन्शुरन्स काढावा, आणि असलं लिहून तुम्ही लोक साहेबांना घाबरवायलाय, उद्या ते धडधाकट झाडं पण तोडून टाकतील.

काका, हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. आपल्या बेळगावात टिळकवाडी, कॅम्प, हिंदवाडी या भागात उन्हाळ्यात अजून चालवतंय ते या जुन्या झाडांमुळंच, ती जाऊ नयेत असं मला तुमच्याइतकंच वाटतं. पण माझं म्हणणं उलट आहे, जबाबदारी नीट ठरली तरच झाडं वाचतील. कसं ते सांगतो.

प्रत्येक पडलेल्या झाडाचे पैसे मिळतात असं मी म्हटलेलं नाही, कायदा पण तसं म्हणत नाही. सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून बघा. १९९७ चा राजकोटचा निकाल, रस्त्यानं चालत जाणाऱ्या माणसावर झाड पडलं, माणूस गेला, घरच्यांनी दावा लावला, पण सुप्रीम कोर्टानं महापालिकेला जबाबदार धरलं नाही, कारण ते झाड धोक्याचं आहे हे आधी कळण्यासारखं होतं असं काही पुढं आलं नव्हतं. मग १९९९ चा दिल्लीचा निकाल. स्कूटरवरून घरी चाललेल्या माणसाच्या डोक्यावर फांदी पडली आणि तो गेला, इथं मात्र महापालिका जबाबदार ठरली, कारण झाड वाळलेलं होतं आणि ते पडू शकतं हे महापालिकेला माहीत होतं किंवा माहीत असायला पाहिजे होतं. (हा अपघात १९६४ चा, आणि शेवटचा निकाल १९९९ ला. मागं राहिलेल्या त्याच्या घरच्यांनी काय काढलं असेल एवढ्या वर्षांत याचा विचार केला तरी कसंतरी होतं.)

म्हणजे सगळं येऊन थांबतं ते एकाच प्रश्नावर, आधी कळण्यासारखं होतं का. वारं कुणाच्या हातात नाही, कबूल. पण एप्रिल मे मध्ये आपल्याकडं वळीव येतो, आधी धूळ, मग भन्नाट वारं, मग गारा, हे काय अचानक आलेलं संकट नाही ना, दरवर्षी येतंय. आणि झाड पण सहसा न सांगता पडत नाही. बुंध्यात ढोली असते, मुळाशी अळंबी उगवलेली असते, वाळवी लागलेली असते, एका बाजूला माती उचललेली दिसते, शेंड्याच्या फांद्या वाळत आलेल्या असतात. शिवाय आपणच त्याला पडायला तयार करतो. झाडाला धरून ठेवणारी मुळं बरीचशी वरच्या दोन तीन फुटांत पसरलेली असतात, तिथंच गटार, पाण्याची पाइप, केबल यासाठी जेसीबी लावून सरळ रेषेत मुळं तोडायची, वरनं बुंध्याला चिकटून काँक्रीट नाहीतर पेव्हर बसवायचे, आणि वायरला लागतंय म्हणून फांद्या फक्त एकाच बाजूच्या छाटायच्या, की सगळं वजन गेलं दुसऱ्या बाजूला. असं झाड पडलं तर तो निसर्गाचा कोप कसा काय? हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं ते उगीच नाही.

आता इन्शुरन्स. काढावाच, मी पण सांगतो. पण नुसता थर्ड पार्टी इन्शुरन्स असेल, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा, तर झाड पडून मोडलेल्या स्वतःच्या गाडीचा एक रुपया मिळत नाही, त्याला ओन डॅमेजचं, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर लागतं, आणि जुन्या टू व्हीलरवर बहुतेकांची नुसती थर्ड पार्टीच असते. घरासाठी २०२१ पासून भारत गृह रक्षा म्हणून पॉलिसी आहे, त्यात झाड पडून झालेलं नुकसान धरलंय, पण पत्र्याच्या घरात राहणारे किती जण ती घेतात ते तुम्हीच सांगा. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते, कंपनीनं पैसे दिले तरी ज्याच्या हयगयीमुळं नुकसान झालं त्याच्याकडनं ते वसूल करायचा हक्क कंपनीला मिळतो. म्हणजे इन्शुरन्स काढला म्हणून त्याची जबाबदारी पुसली जात नाही.

घरपट्टीतनं जाणार म्हणता, ते खरंच आहे. पण झाड सगळ्या गल्लीचं, सावली सगळ्यांना, आणि पडल्यावर खर्च मात्र ज्याच्या घरावर पडलं त्या एकट्याचा, हे मला पटत नाही. सगळ्यांच्या झाडाचा भार सगळ्यांनी उचलायला काय हरकत आहे?

खरी अडचण दुसरीच आहे, झाड कुणाचं हेच लवकर ठरत नाही. कॅम्पात कँटोन्मेंट बोर्ड, शहरात महापालिका, काही रस्ते पीडब्ल्यूडीचे, हायवेचं वेगळं, खेड्यात ग्रामपंचायत, वायरचा विषय निघाला की हेस्कॉम ही वीज कंपनी, आणि तोडायची परवानगी द्यायला वनखातं. आमच्या ओळखीत एकाच्या घरावर गुलमोहर पडला तेव्हा एका ऑफिसनं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं परत पहिल्याकडं, आणि तोवर ठेकेदार बुंधा कापून लाकूड घेऊन पण गेला. आतनं पोकळ होता की नाही याचा पुरावाच संपला! म्हणून सांगतो, उचलायच्या आधी बुंध्याचे, मुळांचे, कापलेल्या भागाचे फोटो काढा, पंचनामा करून घ्या, मग बाकीची पळापळ.

आता तुमच्या भीतीकडं येतो. राजकोटच्या निकालातनं साहेबांनी काय घ्यावं? दरवर्षी वळवाच्या आधी झाडं बघितली, कुठलं चांगलं कुठलं धोक्याचं हे लिहून ठेवलं, तर चांगलं झाड वादळात पडलं तरी त्यांच्यावर ठपका येणं अवघड. म्हणजे धडधाकट झाड तोडायचं कारणच उरत नाही, उलट तपासणीची नोंद त्यांना पण वाचवते आणि झाडाला पण. आणि जे खरंच वाळलंय त्याचं म्हणाल तर कर्नाटकच्या १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यातच आहे, झाड मेलेलं, रोगट किंवा जिवाला नाहीतर मालमत्तेला धोक्याचं असेल तर तोडायची परवानगी नाकारायची नाही. काहीच नोंद नसली की मग एक पडलं म्हणून अख्खी रांग छाटायचे प्रकार होतात.

तुमच्या कोपऱ्यावरचा रेन ट्री एका बाजूला कललाय असं तुम्हीच शेवटी लिहिलंय. तर काका, त्याचा अर्ज द्याच, तोडा म्हणून नको, तपासा आणि दोन्ही बाजू सारख्या छाटा म्हणून. कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत लिहा, मराठी अर्ज घेतला नाही तर वाद घालण्यात मोसम निघून जातो. फोटो जोडा, आवक शिक्का मारलेली पोच घ्या. महिनाभरात काही हललं नाही तर आरटीआय टाका, तो पण इंग्रजीत चालतो, दहा रुपये फी, आणि चुकीच्या ऑफिसात गेला तरी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचं काम त्यांचं. एकदा पोच हातात आली की "आम्हाला माहीत नव्हतं" असं कुणाला म्हणता येणार नाही. इंग्रजी अर्जाला मदत लागली तर मला कळवा, मी लिहून देतो, फक्त एप्रिलच्या आत द्यायचं बघा.