वाघोलीचा निळा स्फटिक आणि आठ रेषा

ईपीआरवरचा (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स: चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या नमुन्यातले अयुग्मित, म्हणजे जोडीदार नसलेले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मलहरी शोषतात, ते मोजण्याची पद्धत) तुमचा लेख आवडला, पण 'ईपीआरमुळे स्फटिकात कोणता धातू आहे ते कळतं' एवढ्यावरच तो थांबला, याची चुटपुट लागली. धातू ओळखायला इतरही पद्धती आहेत. ईपीआरची खरी ताकद म्हणजे त्या धातूचा आयन (विद्युतभारित अणू) नेमका कुठे, कोणत्या शेजाऱ्यांमध्ये बसलाय ते कळणं! स्फटिक चुंबकीय क्षेत्रात थोडाथोडा फिरवत नेला की शोषणाच्या रेषा सरकतात आणि त्यावरून आयनाभोवतीच्या रचनेचे अक्ष काढता येतात. म्हणूनच विद्यार्थ्यांना सांगते, घाईने पूड करू नका, चांगला स्फटिक वाढू द्या.

आणि पुण्यात बसून लिहिताना वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट हे खनिज कसं विसरलात? त्यातलं व्हॅनेडियम +४ अवस्थेत असतं, म्हणजे एकच अयुग्मित इलेक्ट्रॉन. त्याच्या केंद्रकाचं स्पिन (चुंबकत्वाशी जोडलेला अंगभूत गुणधर्म) ७/२, म्हणून आयन एकमेकांपासून दूर असलेल्या विरळ नमुन्यात एका रेषेच्या आठ रेषा होतात. (तांब्याच्या चार.) पण कॅव्हनसाइटमध्ये व्हॅनेडियम हा मूळ घटकच, आयन इतके जवळ असले की रेषा रुंदावून एकमेकींत मिसळतात. तांब्याचा अभ्यास करताना झिंकच्या क्षारात किंचितच तांबं घालतात ते याचसाठी. झिंक +२ मध्ये अयुग्मित इलेक्ट्रॉन नसतो, त्यामुळे त्याचा स्वतःचा संकेतच येत नाही.

१९४४ मध्ये रशियातल्या कझानला भौतिकशास्त्रज्ञ झावोइस्कींनी हा परिणाम शोधला, त्याचा उल्लेखही हवा होता. पुढच्या भागात माणिकातल्या क्रोमियमवर जरूर लिहा. तिथे चुंबकीय क्षेत्र शून्य असतानाही ऊर्जापातळ्या सुमारे ११.५ गिगाहर्ट्झने विभागलेल्या असतात, आणि त्याच पातळ्या वापरून माणिकाचे मेझर (सूक्ष्मलहरींसाठीचे लेझरसारखे प्रवर्धक) बनले.