रडणारी बोट

देवबागला खाडीत काल माझी पेडलची कयाक (पायाने हाकायची छोटी होडी) कुंई कुंई करत काठाला लागत होती, तेव्हा पर्यटकांच्या होडीतून एक पोरगं ओरडलं, "आई, ती बोट बघ, रडतेय!" अख्खी होडी हसली. पोरावर माझा राग नाही. म्हणजे, थोडा आहे.

ड्राइव्ह, म्हणजे पेडल आणि गिअरचा जोड, उपसून पुळणीवर ठेवला आणि आबा हजर. कमरेला पंचा, हातात कोयती. कोकणात यंत्र उघडून बसायचा अवकाश, सल्लागार बोलवावे लागत नाहीत.

"ह्या काय? सायकल पाण्यात घातलंस?"

"होय, आबा."

"मगे रडता कित्याक?"

म्हणजे आबांनीही ऐकलं होतं.

"लाय मरे वायच खोबरेल."

खोबरेल लाटांनी धुऊन जातं आणि उरतं ते २४ अंशांखाली थिजतं, असं मी सांगितलं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या माडालाच मी नावं ठेवली.

"मगे उंडीचा त्याल?"

ते होडीच्या लाकडाला. लाकूड तेल पितं, गिअर पीत नाही.

"मगे फुस्स करून मारतत तो डबो?"

इथे माझा तोल गेला. तो डबा म्हणजे डब्ल्यूडी-४०. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, नावातच पाणी हटवणं आहे. १९५३ साली चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. पाणी हटवायला, गंजलेला बोल्ट सोडवायला झकास. पण गिअरमधला ग्रीस त्याने पातळ होऊन वाहतो, आणि चार दिवसांनी कुंई दुप्पट. हे सगळं मी आबांना ऐकवलं. आबा नारळ सोलत होते.

तोवर गिअरचं झाकण निघालं. आत ताकासारखा पांढरा लगदा. "सगळ्याक चलता" म्हणून एका दुकानात गळ्यात मारलेला तो पिवळा ग्रीस! सोडियमच्या साबणाने घट्ट केलेला ग्रीस पाण्यात विरघळतो. खाऱ्या पाण्याला कॅल्शियम सल्फोनेटचा, दोन नंबर घट्टपणाचा मरीन ग्रीस लागतो. एवढा किनारा, एवढ्या होड्या, आणि लहान ट्यूब मागितली की दुकानदार असा बघतो की मी अत्तर मागतोय. शेवटी कुरियरनेच मागवून ठेवली होती.

अर्थात ताक झालं म्हणजे पाणी कुठून तरी शिरलंच. पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याखाली, ओ-रिंगखाली, वाळूचा एक कण पुरतो. रिंग काढावी, खाच सुती फडक्याने पुसावी, रिंगेवर चीर दिसली तर नवी घालावी आणि सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवावा. जुना ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय नवा भरू नये. दोन जातींचे ग्रीस एकत्र आले की कधी कधी पातळ होऊन गळतात. ठासूनही भरू नये, पुस्तिकेत सांगितलंय तेवढाच. उन्हात फुगतो आणि सील ढकलून बाहेर येतो.

बाहेरच्या साखळीला मात्र हा ग्रीस अजिबात नको. ओल्या ग्रीसला पुळण चिकटली की घरचाच पॉलिश पेपर तयार. तिथे मेणाचं किंवा टेफ्लॉनचं कोरडं वंगण, तेही गोड्या पाण्याने धुऊन सुकवल्यावर. आणि खरं सांगायचं तर निम्मी कुंई कुंई दांडा फिरतो त्या प्लॅस्टिकच्या बुशमध्ये सुकलेल्या मिठाची असते. एक बादली गोडं पाणी ओतलं की गप्प. हे आधी करायचं असतं. मी नंतर केलं.

आबांनी ट्यूब उचलली, बोटाने चोळून पाहिली, हुंगली.

"ह्यातला वायच दी. आमचो रहाट पण रडता."

"नको आबा, विहिरीत ठिबकेल. प्यायचं पाणी ते."

"आणि खाडयेत ठिबकता ता? थंयचे मासे तू खातस मां?"

अर्धी ट्यूब गेली.