अल्ब्युमिन कमी म्हणजे उपासमार नव्हे

अतिदक्षता विभागातील वृद्धाचे अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आले म्हणजे त्याचे कुपोषण झाले आहे आणि अल्ब्युमिनची बाटली चढवली की जीव वाचतो, असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातला एक धागा खरा आहे: अल्ब्युमिन कमी असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळते. परंतु जंतुसंसर्गाने किंवा मोठ्या शस्त्रक्रियेने शरीरात दाह उसळला की यकृत अल्ब्युमिन कमी तयार करते आणि रक्तातले रक्तवाहिन्यांबाहेर झिरपते, त्यामुळे आठवड्यापूर्वी भाकरी-भाजी नीट जेवणाऱ्या आजोबांचाही आकडा काही दिवसांत २.५ वर येऊ शकतो. अमेरिकेतील ॲस्पेन या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने कुपोषण ओळखण्यासाठी हा आकडा वापरू नये, असे २०२० मध्येच स्पष्ट केले आहे.

बाटलीबाबत सांगायचे तर, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये अतिदक्षता विभागातील सुमारे ७,००० रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अल्ब्युमिन आणि साधे सलाईन दिलेल्या गटांतील २८ दिवसांतले मृत्यू जवळपास सारखेच होते. यकृताच्या काही विकारांत मात्र अल्ब्युमिनला खरोखरच स्थान आहे.

कुपोषण ओळखायचे तर गेल्या काही महिन्यांत वजन किती घटले, जेवण कधीपासून तुटले, हे नातेवाइकांना विचारावे लागते. पोटरीचा घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे हीही एक खूण आहे. मात्र पायावर सूज असेल तर टेप फसवते, आणि वजनकाटाही.