हातमशीन भंगारात काढण्याआधी

गेल्या काही महिन्यांपासून वर्धा आणि यवतमाळकडच्या चर्मकाम करणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरत आहे. आठवडी बाजारात चपलेचा अंगठा शिवायला आलेले गिऱ्हाईकसुद्धा आता तो मला वाचून दाखवते. त्याचा आशय असा: ‘हाताने चालणाऱ्या मशीनचे दिवस गेले. मोटरीत ताकद असते, म्हणून जाड चामडे तीच शिवते. वेग पाचपट, म्हणून कमाई पाचपट. विजेचा खर्च नगण्य. टाका मोटरीचाच घट्ट बसतो. नवे मशीन परवडत नसेल तर घरातल्या कपड्याच्या मशीनला मोटर लावा, तेही चामडे शिवेल. विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी मिळणारे पंधरा हजार हातमशीनमध्ये वाया घालवू नका.’ माझ्याकडे दोन्ही प्रकारची मशीने आहेत आणि मोटरीशी माझे वैर नाही. पण या विधानांपैकी सरळ खरे असे एकच आहे आणि नेमके तेच सर्वांत कमी महत्त्वाचे आहे.

ताकदीच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण खरी दिशाभूल तिथेच होते. शिलाईच्या टेबलाखाली बसवली जाणारी जुन्या पद्धतीची क्लच मोटर आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते. ती हळू फिरत नाही; पायाच्या दाबाने क्लच, म्हणजे मोटरीला मशीनशी जोडणारी चकती, अर्धवट धरून आपण तिचा वेग चोरतो, आणि तसे करताना सुईला मिळणारा जोरही कमी होतो. जाड पट्टा शिवताना मात्र नेमके एक-एक टाक्याने, पूर्ण जोराने जावे लागते. त्यामुळे होते काय, की मशीन एकतर अडून राहते किंवा अचानक सुटते आणि डोळा लवण्याच्या आत दहा टाके भलतीकडे पडतात. चामड्यात चुकीचे पडलेले भोक कापडासारखे बुजत नाही, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी कळते. यावर उपाय आहे: वेग कमी करणारी जोडपुली, म्हणजे ५ सेंमीच्या पुलीवरून २० सेंमीच्या पुलीला पट्टा दिला की वेग चौथाई होतो आणि जोर जवळजवळ चौपट, किंवा मग वेगावर ताबा असलेली सर्वो मोटर. संदेशात या दोन्हींचा उल्लेख नाही. हातमशीनमध्ये मात्र हे आपोआप साधते, कारण मोठ्या चाकाच्या कडेला लावलेल्या मुठीमुळे पूर्ण जोर मिळतो, आणि पॅचिंग मशीनवर, म्हणजे चपला-बुटांच्या दुरुस्तीच्या शिलाई मशीनवर, चाकाच्या एका फेऱ्याला एकच टाका पडत असल्याने सुई हवी तिथे थांबवता येते.

शिवाय किती जाडी शिवली जाईल हे मोटर ठरवतच नाही. मशीनचा चामडे दाबून धरणारा पाय किती उचलला जातो, सुई किती लांब आहे आणि खालच्या दोऱ्याचे शटल किती जाड दोरा पोटात घेऊ शकते, यावर ते ठरते. पोळा जवळ आला किंवा शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा, हंगाम असला की कास्तकार बैलांसाठी घुंगरांचे पट्टे सांगायला येतात. तीन पदरी चामड्याचा तो पट्टा माझ्या दोन्ही मशीनच्या पायाखाली शिरत नाही. तिथे भोक पाडायची आरी आणि दोन सुयांचा हातटाकाच लागतो. तो टाका टिकतोही जास्त, कारण दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार जातात आणि एक तुटला तरी दुसरा पट्टा धरून ठेवतो. मशीनचा टाका, मग ते हाताचे असो की मोटरीचे, दोन दोऱ्यांच्या अडकणीवर उभा असतो आणि एक दोरा झिजून तुटला की शिवण उसवू लागते.

वेगाचे गणित कागदावर मांडून पाहावे. टाका ४ मिलिमीटरचा धरला, तर चपलेच्या दुरुस्तीतील १५ सेंटिमीटरच्या शिवणीत ३७-३८ टाके पडतात. हाताने मिनिटाला ६० टाक्यांच्या संथ गतीनेही हे काम चाळीस सेकंदांच्या आत संपते आणि मिनिटाला ३०० टाके घालणारी मोटर त्यातले अर्धे मिनिट वाचवते. पण त्याच चपलेची जुनी शिवण उसवणे, चामडे कापायच्या रापीने कड उतरवणे, चिकटवायचे सोल्युशन लावून ते सुकू देणे, ठोकणे आणि कड घासणे यांत जाणारा अर्धा तास कोणतीही मोटर वाचवत नाही. मग पाचपट कमाई येणार कुठून? येते, पण वेगळ्या कामात. एका पिशवीत चार मीटर शिवण असेल तर टाके हजार होतात. हाताने सतरा मिनिटे, मोटरीने साडेतीनच्या आत. रोज अशा दहा पिशव्या शिवणाऱ्याचे सव्वादोन तास वाचतात आणि हात दुखायचा राहतो, तो वेगळा. अशा माणसाने मोटर घ्यावी, किंबहुना आतापर्यंत घेतलेली असायला हवी होती. प्रश्न इतकाच की आपल्या बाजारात रोज दहा पिशव्यांचे गिऱ्हाईक आहे का.

विजेचा खर्च नगण्य, हे विधान खरे. ४०० वॅटची मोटर पूर्ण भारावर पाच तास चालली तरी दोनच युनिट होतात. अडचण बिलाची नसून लाईनची आहे. गावाच्या टोकाच्या घरात संध्याकाळी दाब २३० व्होल्टवरून १८० वर आला, तर क्लच मोटरीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे जवळपास चाळीस टक्के नाहीसा होतो. दाब घसरलेल्या अशा वेळी मोटर घुंघुं करते, तापते आणि जळण्याच्या वाटेला लागते. बाजाराच्या पालात तर लाईनच नसते.

घट्ट टाक्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. टाक्याचा ताण वरच्या चकत्या आणि बॉबिनच्या पेटीची पट्टी ठरवते. चाक कोण फिरवते हे दोऱ्याला कळत नाही. मात्र स्वस्त हातमशीनची बदनामी अगदीच निराधार नाही. ओतीव लोखंडाची ही मशीने खडबडीत येतात आणि दोऱ्याच्या वाटेवरची कुसळे दोरा कापतात. नवे मशीन आणले की रॉकेलने धुऊन, दोरा जातो ती प्रत्येक जागा बारीक पॉलिश कागदाने घासून, तेल घालून मगच कामाला लावावे. दुसरा खरा दोष असा की एक हात चाकावर अडकतो आणि चामडे वळवायला एकच उरतो. त्यावर पायडलचे पॅचिंग मशीन हा जुना उपाय आहे, ज्यात दोन्ही हात मोकळे राहतात आणि लाईनही लागत नाही. संदेश लिहिणाऱ्याला ही तिसरी वाट आठवली नाही.

कपड्याच्या मशीनला मोटर लावण्याचा सल्ला मी स्वतः एकदा मानला होता. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले, मी लहान मोटर बसवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी चामडी पट्ट्याच्या जोडावर सुई वाकून पत्र्यावर आदळली. शटलचे टोकही गेले. कारण साधे होते. त्या मशीनमध्ये चामडे फक्त खालचे दाते ओढतात आणि वरचा गुळगुळीत पाय चामड्याला चिकटतो. जोड आला की टाके आखूड होऊन एकमेकांवर चढतात. टाके असे दाटले की चामडे पोस्टाच्या तिकिटासारखे भोकांच्या रेषेवरच फाटते. पॅचिंग मशीनचा पाय वरून चामडे ओढतो आणि सगळ्या दिशांना फिरतो, म्हणून बुटाच्या आत शिवता येते. वर, खाली आणि सुई असे तिन्ही मिळून ओढणारे मशीन पिशव्यांना उत्तम. हा फरक मशीनच्या डोक्यातला आहे, मोटरीतला नव्हे.

वर्ध्याकडे या संदेशाला उत्तर म्हणून काही जण गांधीजींचे नाव पुढे करतात आणि हाताचे तेच खरे असे सांगतात. तेही मला पटत नाही. १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनी शिवणयंत्राचा अपवाद केला होता आणि ती यंत्रे घडवायला शक्तीवर चालणारे कारखाने लागतील हेही मान्य केले होते.

राहिले पंधरा हजार. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत आपला व्यवसाय आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांचे ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज मिळते. तिन्हीकडून ओढणारे नवे मशीन टेबल-मोटरीसह पंधरा हजारांत बसत नाही, म्हणजे संदेशाचा सल्ला खरे तर कर्ज काढण्याचा आहे. पिशव्यांची मागणी हातात असेल तर ते जरूर काढावे. दुकानात जाताना आपल्या रोजच्या कामाचे चामडे आणि दोरा सोबत न्यावा, मोटरीचा पट्टा काढायला लावावा आणि चाक हाताने फिरवून तीन थरांच्या जोडावरून वीस टाके घालून पाहावेत. तिथे टाका सुटला, आखूड झाला किंवा सुई वाकली, तर पट्टा परत चढवल्याने ते सुधारणार नाही. दुकानदार पट्टा काढायला तयार नसेल, तर पुढचे दुकान पाहावे.