छप्पर घोड्यांसाठी नव्हतं, पुलासाठी होतं

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याची लाल-पिवळी पानं बघून आलेल्यांचे फोटो ग्रुपवर पडू लागले की त्यामागोमाग एक फॉरवर्ड येतो. फोटो तिथल्या शेलबर्न म्युझियममधल्या, छप्पर घातलेल्या जुन्या लाकडी पुलाचा. मजकुराचा सारांश असा: पाणी बघून घोडे बुजू नयेत आणि प्रवाशांना बर्फ लागू नये म्हणून या पुलांवर छप्पर घालत, पुलाला एकही खिळा नाही, आणि तो मूळ जागेवरून हलवला असल्यामुळे आता ती नुसती शोभेची नक्कल आहे.

बर्फाचा मुद्दा आधी घेऊ, तो लगेच निकालात निघतो. हिवाळ्यात तिकडे चाकाच्या गाड्या बाजूला ठेवून घोड्यांना स्लेज जोडत, आणि स्लेजला खाली बर्फ लागतो. छपरामुळे पुलाच्या फळ्या कोरड्याच राहायच्या, म्हणून गावाला मजुरी देऊन बाहेरचा बर्फ पुलात आणून पसरावा लागे. प्रवाशांची सोय म्हणून छप्पर घातलं असेल, तर सोय अजबच म्हणायची.

घोडे उघड्या पुलांवरूनही जातच होते. बंद बाजूंमुळे एखादं बुजरं जनावर निमूट पलीकडे गेलं असेल. तो वरकड फायदा. खरं कारण टिमोथी पामर या पूल बांधणाऱ्या सुताराने स्पष्ट सांगून ठेवलं आहे. फिलाडेल्फियात श्कूलकिल नदीवर त्याने बांधलेला पूल १८०५ मध्ये खुला झाला. त्यावर आच्छादन घालावं, असा आग्रह रिचर्ड पीटर्स या न्यायाधीशांनी धरला. पामरने त्यांना दुजोरा दिला: झाकला तर पूल तीस-चाळीस वर्षं टिकेल, उघडा ठेवला तर दहा-बारा वर्षांत मोडकळीला येईल. घोड्यांचा हिशेब यात कुठेच नाही.

हे समजायला पुलाचा सांगाडा बघायला हवा. शेलबर्नचा पूल १८४५ चा, मूळचा केंब्रिज गावाजवळच्या लामॉइल नदीवरचा. रचना ‘बर’ पद्धतीची (थिओडोर बर या पूल बांधणाऱ्याच्या नावाची): उभे खांब, त्यांच्यामध्ये तिरपे दांडे, ही झाली कैची म्हणजे ट्रस, आणि या कैचीला बिलगून जाणारी मोठी लाकडी कमान, जिची टोकं काठावरच्या दगडी बांधकामात टेकतात. इथे तर जाण्यायेण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत, शिवाय कडेने पायवाट. असे पूल फार थोडे उरलेत. कैचीतला प्रत्येक सांधा म्हणजे पाणी मुरायची जागा. पाणी मुरलं की लाकूड आतून कुजतं, आणि हे बाहेरून कळतही नाही. चालायच्या फळ्या झिजल्या तर बदलता येतात, छपराचे पत्रे-कौलंही बदलता येतात. कैची कुजली की पूलच गेला. म्हणून स्वस्त लाकडाची टोपी आणि अंगरखा घालून महागडं लाकूड वाचवायचं, एवढाच व्यवहार.

‘एकही खिळा नाही’ हे अर्धसत्य. मुख्य भार सांध्यांवर असतो हे बरोबर. पण १८४५ पर्यंत अमेरिकेत यंत्राने कापलेले खिळे स्वस्तात मिळत होते. छपराच्या आणि बाजूच्या फळ्या ठोकायला ते न वापरण्याइतके तिथले सुतार हट्टी नव्हते.

आता नकलेचा आरोप. इलेक्ट्रा हॅवमेयर वेब यांनी १९४७ मध्ये म्युझियम स्थापन केलं आणि १९४९ मध्ये पूल तिकडे न्यायचं काम हाती घेतलं. पूल अख्खा उचलला नाही, सुटा करून नेला आणि पुन्हा जोडला. सांध्यांनी बांधलेली वस्तू सांध्यांतून सोडवता येते. पेनसिल्व्हेनियातला १८३२ चा ॲकली पूलही १९३७ मध्ये हेन्री फोर्डच्या ग्रीनफिल्ड व्हिलेज या खुल्या संग्रहालयात असाच गेला. नक्कल म्हणजे नव्या लाकडाचा जुन्यासारखा दिसणारा पूल. इथे मूळ कैच्याच उभ्या आहेत. आणि जागेवर राहिलेले पूल सुरक्षित असतात असंही नाही. नोव्हेंबर १९२७ च्या एका पुराने व्हरमाँटमधले हजाराहून अधिक पूल नेले.

शेलबर्नच्या पुलाखाली आज नदी नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. वाहत्या पाण्यावरचा आणि अजून मोटारी वाहणारा पूल बघायचा असेल, तर त्याच राज्याच्या पूर्व सीमेवर कनेक्टिकट नदीवरचा १८६६ चा कॉर्निश-विंडसर पूल आहे. तिथली जुनी पाटी सांगते: घोडे न पळवता चालीने न्या, नाहीतर दोन डॉलर दंड.