आधी अलार्म वाचा, मग रिसेटला हात लावा!

आज सकाळी परत तेच. कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर बंद, चेंबरचं तापमान चढतंय आणि गडी पॅनलसमोर रिसेटवर बोट दाबून उभा. कुठला अलार्म होता विचारलं तर म्हणे, "ऑइलचं काहीतरी होतं, गेलं." गेलं म्हणजे काय? ऑइल डिफरन्शियल लो होता तो, म्हणजे पंपाचं तेलाचं प्रेशर कमी! मशीनचा जीव वाचवायला येतो तो अलार्म, घालवून टाकायला नाही.

शेजारच्या साईट ग्लासकडे, तेल दिसतं त्या काचेकडे, एकदा बघायचं होतं. तेलाची पातळी दिसतच नव्हती, काठोकाठ पांढरा फेस. क्रँककेसला, म्हणजे तेल साठतं त्या खालच्या भागाला, हात लावला तर गारठलेलं. म्हणजे तेल गरम ठेवणारा हीटर बंद, त्याचा एमसीबी पडलेला. मशीन उभं असताना फ्रीऑन, म्हणजे थंडावा देणारा गॅस, गार तेलात मुरतं. स्टार्ट केलं की क्रँककेसचं प्रेशर झपकन उतरतं, मुरलेलं फ्रीऑन उकळतं, तेलाचा फेस होतो, पंप तो फेसच ओढतो आणि ऑइल प्रेशर बसतं. एमसीबी का पडला ते शोधा, हीटर चालू करा, काही तास थांबा, क्रँककेस चांगलं कोमट झालं की मग स्टार्ट द्या. एवढंच होतं! पण नाही. रिसेट, स्टार्ट, ट्रिप. पुन्हा रिसेट, स्टार्ट, ट्रिप. दर वेळी बेअरिंग तेलाशिवाय फिरतात, शाफ्टला ओरखडे पडतात, मोटरचं वाइंडिंग तापतं ते वेगळंच.

वर या रिसेटच्या भडिमारात हिस्टरीची वाट लागते. कंट्रोलरच्या यादीत ठराविकच नोंदी मावतात. नव्या आल्या की जुन्या पुसल्या जातात, आणि नेमका पहिला अलार्म, खरा गुन्हेगार, तोच गायब होतो. स्क्रीनवर सगळ्यात वर बहुतेक वेळा शेवटचा अलार्म असतो, त्यावर विश्वास ठेवून पार्ट बदलत बसू नका. खाली जा, वेळ बघा. आणि ते घड्याळ! बॅटरी मेलेली, वीज गेली की तारीख चुकते, ती कुणी लावत नाही. मग कुठला अलार्म आधी आला हे ठरवायचं कसं?

एचपी (हाय प्रेशर) ट्रिपचंही तेच. प्रेशर फार चढलं की मशीन बंद करणारा तो कटआउट हाताने रिसेट करावा लागतो, कारण माणसाने तिथे जाऊन बघावं हीच अपेक्षा आहे. पाण्याचा पंप, कूलिंग टॉवरचा फॅन, कंडेन्सरच्या (गॅसचं लिक्विड करणाऱ्या भागाच्या) ट्यूबमधला क्षार बघा. सगळं ठीक असेल तर आत हवा शिरली आहे का ते तपासा: कॉम्प्रेसर बंद, पाणी चालू, कंडेन्सर पाण्याच्या तापमानाला आला की गेजवरचं प्रेशर गॅसच्या तापमान-प्रेशर चार्टशी ताडून बघा. अमोनियाच्या मशीनला ३५ अंशांवर गेज साधारण १२.५ बार दिसायला पाहिजे. बराच वर दिसला तर आत हवा आहे, पर्ज करा, म्हणजे ती बाहेर काढा.

एलपी (लो प्रेशर) एकदम तळाला दिसला तरी आधी मेकॅनिकल गेज बघा. प्रेशरचा आकडा पॅनलला पाठवणारा ट्रान्समीटर ४ ते २० मिलीअँपिअरचा असेल आणि लूपमध्ये शून्य येत असेल तर वायर तुटली आहे. गॅस कमी समजून कसला भरताय!

आणि जंपर, सेफ्टी स्विच चुकवायला लावलेली वायर. याचा सगळ्यात जास्त संताप येतो. सर्ज ड्रमच्या (लिक्विड आणि गॅस वेगळे करणाऱ्या टाकीच्या) हाय लेव्हल फ्लोटला, म्हणजे लिक्विड फार चढलं की मशीन थांबवणाऱ्या स्विचला, वायरचा तुकडा लावून मशीन चालवायचं? लिक्विड कॉम्प्रेसरमध्ये शिरलं तर व्हॉल्व्ह प्लेटचे तुकडे होतील, आणि अमोनिया बाहेर आला तर शेजारी उभ्या माणसाचं काय? कुठल्याही पॅनलमध्ये असा जंपर दिसला तर मशीन बंद करा, तो काढा आणि फ्लोट का ट्रिप करतोय ते शोधा. तोवर स्टार्ट नाही म्हणजे नाही.